उन्हाच्या गावात गारठलेलं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. तीन सिलिंडरचं, सातशे शहाण्णव सीसीचं. ज्या छोट्या मारुतीत तुमचे आजोबा नाहीतर मामा एकदा तरी दाटीवाटीने बसले असतील, तिच्या पुढच्या झाकणाखाली माझाच एखादा भाऊ धडधडत होता. गाडी म्हटलं की लोक तिचा रंग बघतात, गाद्या बघतात, हॉर्न वाजवून बघतात. इंजिनाकडे बघतात ते ती बंद पडल्यावर. त्यामुळे जन्मभर माझ्यावर वाकले ते बहुतेक वैतागलेलेच चेहरे. तरी मी दुःखी नाही. उलट माझ्या आयुष्यातली एक सकाळ तुम्हाला सांगायची म्हणून मी आज चावी न फिरवताच सुरू झालो आहे.

माझा जन्म जपानचा. तिथल्या कारखान्यात माझं धड लोखंडाचं ओतलं आणि डोकं ॲल्युमिनियमचं बसवलं. म्हणजे अंग जड आणि डोकं हलकं. माझे मालक काकासाहेब हे ऐकून म्हणाले होते, "हे तर आमच्या भुजंगाचं वर्णन झालं." भुजंग हा त्यांचा पुतण्या. त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

लाकडी खोक्यात बसून, समुद्र ओलांडून मी भारतात आलो, गाडीत बसलो आणि १९८५ साली जालना जिल्ह्यातल्या हसनाबादला पोचलो. काकासाहेबांची ती पहिलीच गाडी. पहिल्या दिवशी अर्धं गाव जमलं. त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. मग झाकण उघडलं आणि सगळे वाकून बघू लागले. शेवटी शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "एवढुसंच? आवं, हे तर आपल्या विहिरीवरच्या इंजनाचं लेकरू दिसून राह्यलं."

मला वाईट वाटलं नाही. विहिरीवरचं डिझेल इंजिन हे त्या गावातलं मोठं प्रस्थ होतं. त्याचं लेकरू म्हणवून घेण्यात कमीपणा कसला?

लेकरू असलो तरी कामाला चपळ होतो. कार्ब्युरेटर म्हणजे माझी स्वयंपाकीण. पेट्रोल किती, हवा किती, हे ती ठरवी आणि दोहोंचं मिश्रण करून मला भरवी. ठिणगी पडली की तिन्ही सिलिंडर आळीपाळीने उसळत. चार सिलिंडरवाल्यांची चाल घोटीव असते, माझ्या चालीत जरा थरथर. तिपाईवर बसल्यावर कसं वाटतं, तसं. पण त्या थरथरीसकट मी काकासाहेबांना भोकरदनला नेलं, जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, नेलं आणि दर खेपेला त्यांच्या मिशा थोड्या आणखी वर वळलेल्या पाहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र माझी फजिती झाली. काकासाहेब माझ्या रेडिएटरमध्ये त्यांच्या विहिरीचं पाणी ओतत. देवाला चालतं ते पाणी इंजिनाला का चालू नये, असा त्यांचा हिशेब. पण ते होतं खारं. एका दुपारी जालन्याच्या अलीकडे मी उकळलो आणि झाकणातून वाफेचा लोट उडाला. लोकांनी ढकलत ढकलत मला पाशामियाँच्या गॅरेजात आणलं.

पाशामियाँ हा साऱ्या भागात नावाजलेला मेकॅनिक. कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून तो इंजिनाची नाडी बघे. त्याने मला थंड होऊ दिलं, वरचा पाइप सोडवला आणि आतून रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा एक पितळी वॉल्व्ह काढला. "हे बघा साहेब. हे झाकण पाण्याची वाट अडवून राह्यलं. थंड मुलखातल्या लोकांनी थंडीसाठी बसवलं. आपल्या जालन्याच्या उन्हात ह्याचं काय काम?"

"बराबर," काकासाहेब म्हणाले.

पाशामियाँची बारा वर्षांची मुलगी रजिया पाना धरून शेजारी उभी होती. तिने तो वॉल्व्ह पुसला आणि भिंतीवरच्या तारेत ओवला. तारेत आधीचे चार होते.

मित्रांनो, तो थर्मोस्टॅट वॉल्व्ह होता. मी सांगू पाहत होतो, पण मला तोंड नाही, नुसता सायलेन्सर आहे. पुढे तर तो रिवाजच पडला. चैत्र लागला की चारचाकीवाले पाशामियाँच्या दारात रांग लावत आणि "वॉल काढून द्या" म्हणत. जशी उन्हाळ्याआधी पोरांची डोकी भादरतात, तशी गाड्यांची ही भादरणी चाले. आणि खरोखर त्याच्या हातची गाडी उकळत नसे. म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

पण माझ्या आत काय चाललं होतं, ते ऐका. मी गरम होऊनच नीट चालतो. पाणी ब्याऐंशी अंशांना पोचलं की माझं पेट्रोल छान विरतं, तेल योग्य तेवढं पातळ होतं, अंग मोकळं होतं. तो वॉल्व्ह म्हणजे माझ्या घराचं दार. मी गार असलो की बंद, पुरेसा तापलो की आपोआप उघडं. दारच काढून टाकल्यावर पाणी सदानकदा रेडिएटरकडे पळायचं आणि गार होऊन परत यायचं. बाहेर माणसं घामाने निथळत आणि मी आतून कोमट. पौषातल्या सकाळी तर मी अक्षरशः कुडकुडायचो. न विरलेलं पेट्रोल भिंतींवरून ओघळून तेलात उतरे. प्लग काजळीने काळे होत. काकासाहेब म्हणत, "गाडी पेते लई आणि पळते कमी." मला त्यांच्यापुढे लाज वाटे, आणि थोडा रागही येई.

अशी वर्षांमागून वर्षं गेली. मग पुण्याहून भुजंग आला.

भुजंग गाड्यांची मासिकं वाचायचा. ताकद कशी वाढवावी हे त्याला पाठ होतं. त्याने माझ्या कार्ब्युरेटरची भोकं मोठी करून घेतली, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढल्या, म्हणजे धूर मोकळा निघेल. आधीच मला पेट्रोल पचत नव्हतं, त्यात हे दुप्पट वाढलेलं ताट. माझा आवाज वाघाचा झाला आणि चाल गाभण म्हशीची. मग तो म्हणाला, "काका, हेड तासून घेऊ. दाब वाढतो, ताकद वाढते."

"डोकं तासायचं तर तुझं तास," काकासाहेब म्हणाले. "केस बी वाढलेत."

त्यावर भुजंगाने दुसरा मार्ग काढला. १९९९च्या दिवाळीत तो नवी झेन गाडी घेऊन आला. तिच्या इंजिनाशेजारी गॅरेजात मी एक दिवस उभा होतो आणि खोटं कशाला बोलू, बघत राहिलो. धडही ॲल्युमिनियमचं, डोकंही ॲल्युमिनियमचं. चार सिलिंडर, पन्नास घोड्यांची ताकद. माझ्यात चाळीसही पुरते नाहीत. ती सुरू झाली तेव्हा बॉनेटवर ठेवलेल्या चहाच्या कपावर तरंगसुद्धा उठला नाही. माझ्यावर ठेवला असता तर बशीत चहा आणि जमिनीवर कप.

पौषात पाशामियाँच्या गॅरेजात भुजंगाने विषय काढला. "काका, हे इंजिन संपलं. जालन्यात एवढ्या लोखंडाच्या भट्ट्या आहेत, भंगारात देऊन टाकू. सळया तरी होतील."

काकासाहेबांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग त्यांनी पाशामियाँकडे पाहिलं. "पाशा, तू सांग. हसनाबादच्या वाटेवरचा बैलथांब्याचा चढ. पाच माणसं घेऊन हे तिसऱ्या गियरमध्ये वर जाईल का? पहिल्यांदा आणलं तेव्हा गेल्तं. जाईल तर ठेवू. न्हाई तर भट्टी."

"शुक्रवारपर्यंत वेळ द्या," पाशामियाँ म्हणाला, पण त्याचा आवाज खाली गेला होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. प्लगमधली फट त्याला आता दिसत नव्हती, बोटाने चाचपावी लागे. गॅरेजचं खरं काम रजिया करी. तिचं लग्न झालं होतं, सासर दोन गल्ल्या पलीकडे, नवरा ट्रकवर. घरचं आवरलं की ती अंगावर अब्बाचा जुना शर्ट चढवून पाने हातात घ्यायची. गिऱ्हाइकांना मात्र वाटे, पोरगी नुसती हत्यारं देते. पाशामियाँने ठरवलं होतं की ईदनंतर गॅरेज भाच्याला, लालमियाँला सोपवायचं. लालमियाँचा हात पंक्चरपुरता चांगला होता. त्यापुढे तो जात नसे.

बापलेकी आपसांत उर्दूत बोलत. मी तुम्हाला ते आपल्या भाषेत सांगतो.

"अब्बा, हे मला द्या," रजिया म्हणाली. "एकटीला. वर गेलं तर गॅरेज माझं."

"आणि न्हाई गेलं तर?"

"मंग पाने खाली ठेवते. पुन्हा हात लावणार न्हाई."

पाशामियाँ हसला नाही. "कबूल," म्हणाला.

म्हणजे बघा, त्या चढावर आता मी एकटा नव्हतो. मी भट्टीच्या तोंडाशी आणि रजिया तिच्या पान्यांच्या शेवटाशी, असे दोघंही एकाच गाडीत बसलो होतो.

तिने आधी भुजंगाची भोकं बदलून कार्ब्युरेटर पूर्ववत केला, सायलेन्सर दुसरा बसवला. माझा आवाज माणसात आला. पण ताकद येईना. ती रेडिएटरला हात लावून बसे आणि विचार करी. अर्धा तास चालून हे कोमट कसं? मग तिची नजर भिंतीवरच्या तारेवर गेली. तारेत आता पन्नासएक वॉल्व्ह होते. एक काढून तिने उजेडात धरला. कडेला बारीक आकडा होता, ८२. दुसरा काढला, त्यावरही ८२.

ती तो माहेरी घेऊन गेली आणि चहाच्या पातेल्यात पाणी घालून वॉल्व्ह उकळत ठेवला. तिची आई फरजाना म्हणाली, "आज पाहुण्यांना लोखंडाचा चहा देतीस का?" रजिया पातेल्याकडे टक लावून बसली. पाणी कोमट झालं, वॉल्व्ह गप्प. वाफा आल्या, गप्प. पाणी उकळीला येणार एवढ्यात तो हळूच उघडला, कुणी श्वास घ्यावा तसा. तिने खाली उतरवून गार पाणी ओतलं. मिटला.

ती पळतच गॅरेजात आली. "अब्बा, हे पाणी अडवत न्हाई. हे दार आहे. तापलं की उघडतं."

पाशामियाँ ओरडला नाही. ते जास्त वाईट होतं. "पंधरा साल झाले मी हे काढून राह्यलो," तो म्हणाला. "माझ्या हातची एक तरी गाडी उकळली का? सांग."

रजियाने पाना उचलला. तिने मला तो वॉल्व्ह बसवला. मी किती खूश झालो म्हणून सांगू. पंधरा वर्षांनी पोटात ऊब आली. गॅरेजातून बाहेर पडून आम्ही भोकरदन रस्त्याला लागलो आणि मी गाऊ लागलो. पण तीन मैलांवर माझ्या अंगात भलतीच आग पसरली आणि झाकणातून वाफ उडाली. अगदी त्या पहिल्या उन्हाळ्यासारखी.

लोकांनी ढकलत मला पुन्हा गॅरेजात आणलं. पाशामियाँ "बघ" एवढंच म्हणाला आणि हात पुसत घरी गेला. तो गुरुवार होता.

रजिया घरी आली तेव्हा फरजाना ते पातेलं घासत होती आणि कुरकुरत होती, "कितीही घास, पांढरं जात न्हाई. बोरचं पाणी मेलं." पातेल्याच्या तळाला चुन्यासारखा पांढरा थर होता. रजियाने पातेलं हातातून काढून घेतलं. बोट फिरवलं. मग ते तसंच चुलीपाशी ठेवून ती चप्पलही न घालता परत निघाली.

एका पातेल्यात एवढा थर, तर पंधरा वर्षं असलंच खारं पाणी पिणाऱ्या रेडिएटरमध्ये किती असेल?

तिने माझ्या रेडिएटरचं कथलाचा डाग देऊन जोडलेलं वरचं झाकण सोडवलं. आतल्या बारीक नळ्या निम्म्याहून जास्त बुजलेल्या होत्या. आता तिला सगळं कळलं. दोष त्या दाराचा कधीच नव्हता. गल्लीच तुंबलेली होती, आणि अब्बाने दार काढून तुंबलेल्या गल्लीतूनही पाणी पळवलं होतं. अब्बा चुकला होता, पण मूर्ख नव्हता. तिने पातळ पट्ट्या घेऊन एकेक नळी साफ केली. गाळाच्या जागी स्वच्छ पाणी येईपर्यंत माझं पोट धुतलं. झाकणाला पुन्हा डाग दिला आणि विहिरीच्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं. तिच्या बोटांना फोड आले होते. मी तेव्हा मनात म्हटलं, बाई गं, आता फक्त चावी फिरव.

शुक्रवारी सकाळी बैलथांब्याच्या पायथ्याशी आम्ही उभे राहिलो. हा चढ असा की जुन्या काळी भरल्या गाडीचे बैल अर्ध्यावर थांबत, म्हणून हे नाव. स्टेअरिंगवर काकासाहेब, शेजारी पाशामियाँ. मागे दुर्गाबाई, गोजरबाई आणि मधे रजिया. गोजरबाई एकट्या दोघांच्या वजनाच्या, तेव्हा पाच म्हणजे सहाच समजा. भुजंग झेन घेऊन पुढे गेला. ती सर्रकन वर पोचली. मी तिचं कौतुक केलं. पन्नास घोडे ते पन्नास घोडे.

मग आमची पाळी आली. पहिला, दुसरा, तिसरा. मी उसळलो. पेट्रोल वाफ होऊन आत येत होतं, ठिणगी पडली की तडक पेटत होतं, तिन्ही पिस्टन एकमेकांच्या हाकेला ओ देत होते. अर्धा चढ गेला. दुर्गाबाई म्हणाल्या, "आज हे खोकून न्हाई राह्यलं."

आणि तेवढ्यात काकासाहेबांचं लक्ष डॅशबोर्डावरच्या काट्याकडे गेलं. पंधरा वर्षं तो काटा तळाशी निजलेला असे. आज तो उठून थेट मधोमध आला होता.

"पाशा, काटा चढला," ते घाबरून म्हणाले. "उकळतंय हे. थांबवतो." त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठू लागला. माझी चाल मंदावली. एकदा इथे थांबलो की तिसऱ्यात पुन्हा निघणं नाही, हे मला ठाऊक होतं, रजियालाही ठाऊक होतं.

"नका थांबू," ती मागून म्हणाली. "काटा तिथंच पाहिजे."

काकासाहेबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. "पाशा, तू बोल."

पाशामियाँला तो काटा दिसत नव्हता. त्याने मान थोडी पुढे झुकवली आणि डोळे मिटले. तो माझा आवाज ऐकत होता. मला वाटलं, जपानहून निघाल्यापासून मी इतक्या काळजीने कधी चाललो नसेन. एक क्षण गेला, दोन गेले.

"साहेब, पाय दाबा," तो म्हणाला. "पोरगी बराबर सांगून राह्यली."

पाय दाबला गेला आणि मी सुटलो. थरथरत, घुमत, गोजरबाईंच्या "अगं माय"सकट मी तिसऱ्या गियरमध्ये माथ्यावर आलो. काटा मधोमध होता तो तसूभरही हलला नाही. वॉल्व्हने आपलं दार उघडलं होतं आणि पाणी मोकळ्या गल्लीतून वाहत होतं.

काकासाहेब खाली उतरले आणि त्यांनी पाशामियाँच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या हाताला तोड न्हाई, पाशा. साऱ्या जिल्ह्यात न्हाई."

भुजंग समोर उभा होता. आजूबाजूला चार वाटसरू थांबले होते. पाशामियाँने नुसतं हसून मान हलवली असती तरी चाललं असतं. रजियाही काही बोलली नसती, हे मी पैजेवर सांगतो.

"साहेब, माझा हात नका म्हणू," पाशामियाँ म्हणाला. "पंधरा साल हे आजारी होतं, ते माझ्याच हातानं. जे काढायचं नव्हतं ते मी काढलं, आणि जे साफ करायचं होतं ते केलं न्हाई. हे रजियानं केलं. मला म्हणत होती, मी ऐकलं न्हाई."

सगळे गप्प झाले. मीच तेवढा तक-तक करत होतो. मग दुर्गाबाईंनी खिडकीतून मान काढली. "आता गाडी बिघडली तर रजियाकडं न्यायची, एवढंच ना? मंग त्यात एवढं गप बसण्यासारखं काय आहे? चला, ऊन चढलं."

त्या दिवसापासून गॅरेज रजियाचं. चैत्रात लोक सवयीने आले, "वॉल काढून द्या" म्हणाले. दारात खुर्ची टाकून पाशामियाँ बसलेला असे. तो म्हणे, "पहिले रेडिएटर दाखव. पोरगी सांगंल ते कर. मी सांगितलेलं विसर." काही हसत, काही चिडून दुसरीकडे जात, आणि दोन महिन्यांनी धापा टाकत परत येत.

पुढे नवी इंजिनं आली. एकेका सिलिंडरला चार-चार वॉल्व्ह, कार्ब्युरेटरच्या जागी बारीक फवारे, आणि पाणी किती तापलं हे सांगणारा संवेदक. त्यांना काही दुखलं की ती दिवा लावून तक्रार करतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही, आनंद वाटतो. माझ्या पिढीला दिवा नव्हता, म्हणून आम्हाला रजिया लागली.

माझी गाडी केव्हाच गंजून गेली. भुजंगानेच मला तिच्यातून उतरवून रजियाच्या गॅरेजात आणून ठेवलं, भट्टीचं नावही काढलं नाही. आता मी लोखंडी घोडीवर उभा आहे. शनिवारी शाळेतल्या पोरी येतात, मला खोलतात, पुन्हा जोडतात. त्यांची बोटं काळी होतात, माझ्या अंगाला गुदगुल्या होतात. एखादी घाईत काहीतरी उचकटून म्हणते, "मॅडम, हे कशाला आहे? काढून टाकू?"

रजिया तिला ओरडत नाही. शेजारी बसते आणि म्हणते, "माहीत न्हाई ना? मंग आधी माहीत करून घेऊ."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. यंत्र असो, जनावर असो की घरातलं माणूस, ते कुरकुरलं की त्याच्यातलं काही काढून फेकायच्या आधी ते तिथे का आहे हे विचारा. आणि कधी तुमच्या हातून चूक झालीच, तर चार लोकांसमोर ती सांगण्याचा तो चढ तिसऱ्या गियरमध्ये चढा. अवघड असतो, पण चढता येतो. मी पाहिलं आहे.